भिंतीवर टांगलेलं चाक

कारखान्यात त्यांना सगळे ‘वरचे’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं. एखादा नवा कारकून ते मोठ्याने उच्चारायचा, तेव्हा लोक मागे वळून हा कोण नवीन माणूस आला म्हणून बघायचे. वरचेही बघायचे.

शेडच्या छपराखाली, दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून रूळ होते आणि त्या रुळांवर एक पिवळी क्रेन पुढेमागे धावायची. तिच्या पोटाशी काचेची एक केबिन लटकवलेली होती. सकाळी लोखंडी शिडीने चढून वरचे त्या केबिनमध्ये बसले, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. खाली पंपांची धुडं, दातेरी चाकं, माणसाच्या कमरेएवढे दांडे तयार व्हायचे. ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यायची तर माणसांच्या बळाचं काम नव्हे. मग कुणीतरी वर बघून शीळ घालायचं आणि वरून हुक खाली यायचा.

त्यामुळे शेडमधल्या बोलण्याला एक वेगळंच वळण लागलं होतं. ‘वरच्यांची मर्जी झाली तर जेवणाआधी होईल.’ ‘आज वरचे जरा नाराज दिसतात.’ ‘वरच्यांच्या कृपेने निभावलं बाबा.’ नवे साहेब आले तेव्हा पहिला आठवडाभर त्यांची समजूत होती की या शेडमधले कामगार फार श्रद्धाळू आहेत.

इतकी वर्षं वरून बघितल्यामुळे वरच्यांना माणसं डोक्यावरून ओळखू यायची. म्हणजे अगदी डोक्याच्या वरूनच. वेल्डरच्या डोक्यावर दोन भोवरे होते. फिटरला मधोमध टक्कल पडत चाललं होतं, ते त्याच्या बायकोच्याही आधी वरच्यांना कळलं होतं, पण सांगायचं कसं म्हणून ते गप्प राहिले. चेहऱ्यांशी मात्र त्यांचं तेवढं सख्य नव्हतं. बाजारात कुणी समोर येऊन ‘काय, कसं काय?’ म्हणालं, की वरचे सभ्यपणे हसायचे आणि वाट बघायचे. तो माणूस पिशवी उचलायला वाकला, की त्यांचा चेहरा उजळायचा. ‘अरे, तू होय!’

घरीही त्यांचं लक्ष वरच असायचं. कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी छताकडे नजर टाकायचे. पंखा कशाला अडकवलाय, हुक कसला आहे, हलतोय का. मग पंख्यापासून लांबची खुर्ची निवडायचे. स्वतःच्या घरात पलंग त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात सरकवून ठेवला होता. पंखा मधोमध फिरायचा आणि वारा सगळा मोकळ्या फरशीला लागायचा.

‘फरशीला उकडत असेल ना,’ त्यांची बायको दर उन्हाळ्यात म्हणायची. ‘आम्हाला काय, सवय आहे.’

त्यांच्या बायकोला कारखान्यातले सगळे वहिनी म्हणत. आपणही तेच म्हणू. वहिनी बोलायला खमक्या होत्या आणि मनाने मोकळ्या. एकच गोष्ट त्यांनी मनात धरून ठेवली होती, आणि ती वर्षातून एकदा तरी बाहेर निघायची. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं त्या दिवशी वरचे ‘जेवणाच्या सुट्टीत निघतो’ म्हणून कामावर गेले होते. नेमका हुकाला पंपाचा सांगाडा टांगलेला असताना शेडमधली वीज गेली. सांगाडा हवेत, क्रेन जागच्या जागी.

आता त्या शेडचा एक नियम होता. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता. लोड हवेत असताना केबिन सोडायची नाही. क्रेनला ब्रेक असतो, तो धरून ठेवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्यांना तर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. पण ज्याने उचललं त्याने ठेवावं, आणि ठेवेपर्यंत उठू नये. वरचे वीज येईपर्यंत बसून राहिले. त्यांचा डबा दोरीला बांधून वर चढवावा लागला. वीज आली, सांगाडा ओंडक्यांवर टेकला, वरचे उतरले आणि धावतपळत लग्नाच्या कार्यालयात पोचले तेव्हा तिथले लोक खुर्च्या गोळा करत होते.

‘तो लोड तुमचा सख्खा,’ वहिनी म्हणाल्या होत्या, ‘आणि मी सावत्र.’

लग्नाच्या एकाही फोटोत वरचे नाहीत. मेहुणी अजून ते फोटो बाहेर काढते आणि म्हणते, ‘भाऊजी त्या दिवशी होते कुठे गं?’ वहिनी म्हणतात, ‘वर.’ आणि ऐकणाऱ्या नव्या माणसाचा चेहरा उगीचच गंभीर होतो.

वरच्यांना निवृत्त व्हायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा साहेबांच्या मनात आलं की कारखान्याची रस्त्याकडची लांबलचक भिंत रंगवून घ्यावी. नुसती रंगवायची नाही, तर तिच्यावर कारखानाच काढायचा. यंत्रं, माणसं, ठिणग्या, सगळं. लोक येताजाता त्या भिंतीचा जो उपयोग करत होते तो तरी थांबेल, असाही एक विचार त्यामागे होता.

चित्र काढायला एक तरुण पेंटरबाई आली. सगळीकडे रंगाचे डाग पडलेली विजार, कानाला अडकवलेली पेन्सिल, गळ्यात कॅमेरा. पहिले काही दिवस ती शेडमध्ये नुसती फिरली. ती फिरायला लागल्यापासून शेडची कळा बदलली. वर्षानुवर्षं तेलकट शर्टात वावरणारी माणसं इस्त्री करून यायला लागली. फिटर टोपी घालायला लागला. वेल्डरने तर फोटोच्या वेळी तोंडावरची काळी ढाल वर केली आणि दात दाखवले.

‘ढाल खाली घ्या ना, दादा,’ पेंटरबाई म्हणाली. ‘त्यातच तर मजा आहे.’

‘मग चेहरा दिसणार नाही.’

‘ठिणग्या दिसतील की.’

‘ठिणग्यांना माझी आई ओळखणार का?’ वेल्डर म्हणाला. शेवटी अर्धी ढाल वर, अर्धी खाली असा तह झाला. तसं वेल्डिंग जगात कुणी केलेलं नाही.

हे सगळं वरचे वरून बघत होते. पेंटरबाईच्या डोक्यावर दोन रंगीत पिना होत्या आणि भांग वाकडा होता. तो भांग शेडभर फिरला, प्रत्येकापाशी थांबला, पण शिडीपाशी काही आला नाही. तिचा दोष नव्हता. खालून बघणाऱ्याला वर फक्त काचेवरचा उजेड दिसतो. आत माणूस आहे हे माहीत असलं तरच तो असतो.

वहिनींना मात्र याची काही कल्पना नव्हती. भिंतीवर कारखान्यातली सगळी माणसं येणार, एवढं त्यांनी ऐकलं आणि पुढचं स्वतःच ठरवलं. बहिणीला सांगून झालं. शेजारणीला सांगून झालं. इस्त्रीवाल्याला सांगताना तर चित्राची उंचीही सांगितली.

‘तुमचं काढलं का?’ त्या रोज विचारायच्या.

‘हं,’ वरचे म्हणायचे. हे ‘हं’ दोन्हीकडे वळणारं होतं. त्याचा अर्थ काढण्याचं काम त्यांनी बायकोवर सोपवलं होतं, आणि वहिनींनी तो आपल्या सोयीने काढला.

चित्र वाढत गेलं. बांबूंची परांची बांधली गेली, मागे झगझगीत पिवळा रंग चढला, डावीकडे लेथ आली, उजवीकडे ठिणग्या आल्या. एका रविवारी वहिनी धाकट्या बहिणीला घेऊन भिंत बघायला गेल्या. वरचेही बरोबर होते, म्हणजे त्यांना बरोबर घेतलं होतं.

चित्र देखणं होतं, यात वाद नाही. मधोमध घराएवढं निळं दातेरी चाक हुकाला टांगलेलं, आणि त्याच्याखाली सगळी माणसं माना वर करून चाकाकडे बघतायत. फिटर होता, टोपीसकट. वेल्डर होता, अर्ध्या ढालीतून. सगळ्यांच्या पुढे हाताचा पंजा वर करून खलाशी उभा होता. जड माल साखळीत अडकवायचा आणि क्रेनला हातवाऱ्यांनी सांगायचं, वर घे, खाली घे, थांब, हे खलाशाचं काम. वरच्यांचं आणि त्याचं अर्धं आयुष्य असं हातांनी बोलण्यात गेलं होतं. सुट्टीत खाली भेटले की दोघांनाही काय बोलावं सुचायचं नाही, कारण हात खिशात असायचे.

वहिनींनी चित्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग परत या टोकापर्यंत पाहिलं.

‘तुम्ही कुठे आहात?’

‘वर.’

‘वर कुठे? वर भिंत संपली.’

‘हुक दिसतोय ना? त्याच्या वर दोर. दोराच्या वर मी.’

मेहुणीने नजर हुकापासून दोरावर, दोरावरून भिंतीच्या काठावर आणि काठावरून मोकळ्या आकाशात नेली. काठावर बसलेला एक कावळा उडून गेला. ‘म्हणजे भाऊजी याही फोटोत नाहीत,’ ती म्हणाली. चेष्टेने म्हणाली असेल. वहिनी घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि वहिनी बोलल्या नाहीत की प्रकरण गंभीर असतं.

वरच्यांनाही काही सुचत नव्हतं, पण ते वेगळ्या कारणाने. आपण चित्रात नाही याचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. त्यांच्या मनातून ते चाक जाईना. हवेत टांगलेला लोड, आणि त्याच्या बरोबर खाली सात माणसं. खलाशाने पंजा वर केलेला, म्हणजे थांब. थांब म्हटल्यावर थांबायचं. दुसरी खूण होईपर्यंत खालीही घ्यायचं नाही आणि वरही घ्यायचं नाही. आणि चित्रातला खलाशी दुसरी खूण करणार कधी?

सोमवारी त्यांनी खऱ्या खलाशाला गाठलं.

‘अरे, फोटोच्या वेळी पंजा कशाला वर केलास?’

‘ती बाई म्हणाली, हलू नका. मी म्हटलं, वर सांगतो.’

‘कॅमेऱ्यापुढे हलू नका म्हणाली ती. लोडचं नव्हतं ते.’

‘मला काय माहीत? हलू नका म्हटलं की आपला हात जातोच वर.’ खलाशाने डोकं खाजवलं. ‘काय झालं त्याला? ऐटीत आलाय पंजा.’

‘तू लोडच्या खाली उभा आहेस.’

‘मी नाही, माझं चित्र.’

‘कधी उभा राहतोस का असा?’

‘छे! वेड लागलंय का? पण तिला सगळे एका जागी पाहिजे होते, चाक नंतर वर काढलं तिने.’ मग म्हणाला, ‘अहो वरचे, एक विचारू? चित्रातलं चाक पडतं का कधी?’

‘नाही.’

‘मग झालं तर.’

पण झालं नव्हतं. वरच्यांनी कामावर येण्याचा रस्ता बदलला. नवा रस्ता लांबचा होता, पण भिंत लागत नव्हती. तरी चाक डोळ्यांपुढे यायचं. जेवताना घास हातात धरून ते मध्येच थांबायचे. महिनाअखेरीस ते शेवटचे उतरणार होते. केबिनची किल्ली द्यायची, शिडी उतरायची, घरी यायचं. आणि मागे रस्त्यावर, जातायेता सगळ्या गावाला दिसेल असा, आपला लोड हवेत तसाच. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तसं केलं नव्हतं. बायकोची नाराजी पत्करून केलं नव्हतं. आता जाताजाता हे असं होणार, आणि तेही कायमचं.

उद्घाटनाला थोडा अवधी राहिला होता, तेव्हा एकदा संध्याकाळी सुटल्यावर ते भिंतीपाशी गेले. पेंटरबाई परांचीवर होती. तिच्या शेजारी जागा होती. वरचे सवयीने सरसर चढले आणि तिच्यापाशी जाऊन बसले. ती दचकली नाही. उलट म्हणाली, ‘काका, तुम्ही क्रेनवाले ना? बरं झालं आलात. तुमच्या मिसेस येऊन गेल्या.’

‘कधी?’

‘दुपारी. फोटो देऊन गेल्या.’ तिने खिशातून फोटो काढला. वरच्यांच्या मुलीच्या लग्नातला होता. दोन्ही बाजूंची माणसं कापून टाकली होती, त्यांचे खांदे तेवढे राहिले होते. मधे वरचे. नव्या कपड्यांत उभे, आणि नजर कॅमेऱ्याच्या पार वर कुठेतरी.

‘तुम्ही काय बघताय यात?’

‘झुंबर होतं,’ वरचे म्हणाले. ‘एकाच कडीवर.’

‘मला आवडलं. तो वरचा कोपरा मोकळा आहे ना, तिथे केबिन काढते आणि तिच्यात तुम्ही. आधी माझ्या लक्षातच आलं नाही, खरंच सॉरी. काकूंनी मला असं काही सुनावलं...’ ती हसली. ‘उद्या करून टाकते. संध्याकाळी परांची उतरणार.’

वरच्यांनी घसा साफ केला. ‘त्यापेक्षा ते चाक खाली घेता येईल का?’

‘खाली म्हणजे?’

‘जमिनीवर. ओंडक्यांवर टेकवून.’

तिने ब्रश डब्यात ठेवला आणि चाकाकडे पाहिलं. चाकावर तिने आठवडा घालवला होता. ‘काका, ते वर आहे म्हणून तर चित्र आहे. सगळ्यांच्या नजरा तिथे आहेत. ते खाली आणलं तर मधे काय राहील? नुसता पिवळा रंग.’

‘हो, ते आहे.’

‘काही चुकलंय का माझं?’

‘नाही, नाही. चित्र म्हणून छानच आहे. चाकाचे दातसुद्धा नीट आलेत.’ त्यांनी चाकाकडे परत एकदा पाहिलं. ‘पण मी आता निवृत्त होतोय. लोड वर ठेवून कसा जाऊ?’

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस चेष्टा करत नाही, हे तिला कळलं. बाकीचं कितपत कळलं, कोण जाणे.

‘दोन्ही नाही होणार,’ ती शेवटी म्हणाली. ‘चाक पुसायचं, मागचा रंग भरायचा, खाली नवं चाक काढायचं, यातच उद्याचा दिवस जाईल. नाहीतर केबिन आणि तुम्ही. एकच काहीतरी. तुम्ही घरी विचारा आणि सकाळी सांगा. आधी काकूंना विचारा, हां. मला परत त्यांच्यापुढे उभं राहायचं नाही.’

घरी वहिनी खुशीत होत्या. बहिणीला फोन झाला होता. उद्घाटनाला ती नवऱ्यासकट येणार होती, शेजारीणही येणार होती आणि इस्त्रीवाला म्हणाला होता, वेळ मिळाला तर डोकावतो. वरच्यांनी हात धुतले, पाटावरच्या पाहुण्यासारखे अवघडून खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. एवढं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

वहिनींनी भाजीची पळी खाली ठेवली.

‘म्हणजे मी भर उन्हात जाऊन, त्या पोरीशी भांडून, तुम्हाला भिंतीवर चढवलं. आणि तुम्ही जाऊन स्वतःच उतरलात?’

‘उतरलो नाही. विचारून सांगतो म्हटलं.’

‘विचारून! माझ्या बहिणीच्या लग्नात विचारलं होतंत?’

वरच्यांनी पंख्याकडे बघितलं.

‘आयुष्यभर लोक मला विचारतात, तुमचे मिस्टर काय करतात. मी सांगते, क्रेन चालवतात. म्हणतात, हो का, आम्हाला कधी दिसले नाहीत. मलाच कधी दिसला नाहीत तुम्ही काम करताना. एकदा डबा द्यायला आले तेव्हा ती शिडी तेवढी दिसली.’ त्यांचा आवाज जरा बसला. मग परत चढला. ‘एकदा तरी चार लोकांनी बघू दे ना! रंगाचंच चाक आहे ते. रंग पडतो का कुणाच्या डोक्यावर?’

‘नाही.’

‘मग?’

‘मग काही नाही. तू म्हणशील तसं. केबिन काढायला सांगतो.’

हे ते खरोखरच म्हणाले. वहिनींना तेच नको होतं. भांडायला समोर कुणीतरी लागतं. वरचे जेवायला बसले, घास हातात धरला आणि थांबले. वहिनींनी तो घास बराच वेळ बघितला.

‘सकाळी मी येते,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्यावर सोडलं तर तुम्ही तिथे जाऊन ‘हं’ म्हणाल.’

सकाळी दोघं निघाली. वहिनी पुढे, वरचे मागे. लांबच्या रस्त्याने नाही, भिंतीच्याच रस्त्याने. पेंटरबाई रंग कालवत होती. वहिनींना बघून ती उभी राहिली.

वहिनी सरळ चित्रापाशी गेल्या. मोकळा कोपरा कुठला, तिथे केबिन केवढी मावेल, खालून चेहरा दिसेल का, हे त्यांना बघायचं होतं. मान वर करून बघत बघत त्या भिंतीच्या मध्यावर आल्या, अगदी खलाशाच्या शेजारी. खलाशी त्यांच्यापेक्षा उंच काढलेला होता. वेल्डर होता, ज्याच्या आईच्या आजारपणात वहिनींनी महिनाभर डबा पोचवला होता. टोपीवाला फिटर होता. सगळे वर बघत होते. वहिनीही वर बघायला लागल्या. निळं चाक बरोबर त्यांच्या डोक्यावर होतं.

‘अगं, बाजूला हो,’ मागून वरचे म्हणाले.

आणि वहिनी झटकन बाजूला झाल्या. चांगल्या फूटपाथच्या कडेपर्यंत.

मग त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. काय झालं ते त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं, आणि रागाने त्यांचे कान लाल झाले.

‘बघितलंस का गं?’ त्या पेंटरबाईला म्हणाल्या. ‘हा माणूस मला रंगाखालून बाजूला व्हायला सांगतो. आणि मी होते!’

पेंटरबाई हसू दाबायला डब्यात बघत राहिली. वरचे ओशाळून म्हणाले, ‘तोंडातून निघून गेलं.’

‘निघून जाणारच. सगळा जन्म त्यातच गेलाय.’ वहिनींनी पुन्हा एकदा चाकाकडे पाहिलं, आता लांबून. मग त्या माणसांकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे. कोपरा चांगला मोठा होता. केबिन आरामात मावली असती.

‘खाली घे ते धूड,’ त्या म्हणाल्या.

‘काकू, नक्की?’

‘नक्की काय त्यात? माझ्या माणसाला घरी यायचंय. ते वर राहिलं तर हा घरी बसेल, पण जीव इथे लटकलेला असेल. पुढे सांभाळायचं मला आहे.’ आणि जाता जाता मागे वळून, ‘तो फोटो दे परत. माझ्याकडे एवढा एकच बरा आहे.’

त्या दिवशी वरच्यांनी केबिनमधून फार वेळा घड्याळ बघितलं. सुटल्यावर ते भिंतीपाशी गेले तेव्हा परांचीचे बांबू सोडत होते. चाक खाली आलं होतं. माणसांच्या पुढ्यात, दोन ओंडक्यांवर नीट टेकलेलं. साखळ्या सैल पडलेल्या. हुक मोकळा होऊन वर गेला होता, दोराचं टोक तेवढं काठाशी दिसत होतं. पेंटरबाईने घाई केली होती, त्यामुळे नव्या चाकाचे दात आधीच्याइतके चांगले आले नव्हते, आणि मधल्या पिवळ्या रंगाची छटा बाजूच्या पिवळ्याशी जुळत नव्हती. बघणाऱ्याला तिथे काहीतरी होतं हे कळलं असतं.

‘खलाशीकाकांचा हात बदलायला वेळ नाही मिळाला,’ ती म्हणाली.

‘राहू दे. लोड टेकला की हीच खूण करतात.’

‘आणि चेहरेही तसेच राहिले. सगळे अजून वरच बघतायत.’ ती वैतागलेली होती. ‘आता वर काहीच नाही आणि हे सगळे माना वर करून उभे. लोक विचारतील, यांना झालंय काय?’

वरच्यांनी पाहिलं. खरंच तसं झालं होतं. चाक पायाशी आणि सातही जण भिंतीच्या काठापलीकडे बघत होते. मग त्यांनी तिचे रंगाचे डबे गाडीपर्यंत पोचवून दिले.

उद्घाटन वरच्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशीच झालं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, साहेबांना तोच दिवस मोकळा होता. वरच्यांनी हुक वर घेतला, क्रेन कडेला नेऊन उभी केली, केबिनची काच पुसली आणि ते उतरले. रस्त्यावर भिंतीसमोर फीत बांधली होती. वेल्डर आईला घेऊन आला होता आणि आई चित्रात त्याला सोडून सगळ्यांना ओळखत होती.

साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, या भिंतीवरचा प्रत्येक कामगार मान उंच करून उद्याच्या भविष्याकडे पाहतो आहे. पेंटरबाईने एकदम त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. टाळ्या झाल्या. खलाशी वरच्यांच्या कानाशी लागला. ‘कसलं भविष्य? आम्ही शिट्टी मारून वाट बघतोय, वरचे खाली कधी बघतात म्हणून.’

‘मी आता इथे आहे,’ वरचे म्हणाले.

‘ते चित्रातल्यांना कोण सांगणार?’ खलाशाचे हात खिशात होते. ते त्याने बाहेर काढले, आणि उघडा पंजा वर धरला.

मेहुणी नवऱ्याला घेऊन वेळेवर आली होती. तिने चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मोकळ्या कोपऱ्याशी थांबली आणि वहिनींकडे वळली. शेजारीणही कान देऊन उभी होती. इस्त्रीवालाही आला होता.

‘ताई, तू तर म्हणालीस भाऊजींना काढलंय.’

‘म्हणाले होते मी.’

‘मग कुठे आहेत? आणि हे सगळे वर काय बघतायत?’

‘ह्यांनाच बघतायत,’ वहिनी म्हणाल्या. ‘आत्ता खाली उतरलेत ना, त्यांना अजून कळलेलं नाही.’

मेहुणीला ते पटलं की नाही, सांगता येत नाही. तिने भिंतीच्या काठाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि फोटो काढायचा म्हणून सगळ्यांना भिंतीपुढे ओळीने उभं केलं. भाऊजींना मधोमध, चाकाच्या बरोबर समोर. फोटो आला तेव्हा त्यात सगळे हसत होते. वरचे तेवढे मान वळवून चाकाखालच्या ओंडक्यांकडे बघत होते. नीट बसलेत ना, एवढंच.

त्या रविवारी त्यांनी पलंग ओढत खोलीच्या मधे आणला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. वरचे स्टुलावर चढले, पंख्याचा हुक हलवून पाहिला, खाली उतरले आणि पलंग परत हातभर कोपऱ्याकडे सरकवला.

‘वारा येतोय का इथपर्यंत?’ त्यांनी विचारलं.

‘येतोय थोडा,’ वहिनी म्हणाल्या.